इंजिनाची खात्री नसताना अटॅक हेलिकॉप्टर निवडायचं कसं? टी-१२९ आणि झेड-१० च्या निमित्तानं

प्रश्न असा आहे की पाकिस्तान आर्मीनं २०१८ मध्ये तुर्कीकडून ३० टी-१२९ अटॅक हेलिकॉप्टर घ्यायचा करार केला, इंजिनाला अमेरिकेची परवानगी मिळेना म्हणून साडेतीन वर्षं ताटकळले आणि शेवटी चिनी झेड-१० कडे वळले, तर हे बरोबर केलं का, आणि एकूणच इंजिन मिळायची खात्री नसेल तर आर्मीनं हेलिकॉप्टर निवडावं कसं. सोबत असंही विचारलंय की टी-१२९ घेऊन नंतर दुसरं इंजिन का नाही बसवलं. माझी बरीच नोकरी हेलिकॉप्टर मेंटेनन्समध्ये गेली, त्यातही जास्त करून इंजिनावर, त्यामुळं मी त्याच बाजूनं लिहितो. मिसाईल आणि तोफेवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आधी थेट उत्तर देतो. अटॅक हेलिकॉप्टर निवडताना पहिल्यांदा इंजिन बघायचं, आणि इंजिन बघताना पहिल्यांदा हे बघायचं की ते देण्याच्या कागदावर कुठल्या देशाच्या सरकारची सही लागते. ती सही दरवर्षी लागत राहणार आहे, एकदाच नाही. स्पेअर मागवताना लागते, ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीला, इंजिन बाहेर पाठवताना लागते, सॉफ्टवेअर अपडेटला पण लागते. रेंज, स्पीड, रॉकेट किती, हे सगळं त्याच्यानंतर. बऱ्याच निवड समित्यांमध्ये हे उलट होतं, पायलट लोक उडवून बघतात, फायरिंग ट्रायल होते, किमतीची घासाघीस होते आणि इंजिनाचा विषय सपोर्ट पॅकेज म्हणून शेवटच्या पानावर येतो.

टी-१२९ चंच बघा. मूळ डिझाईन इटलीच्या अगुस्ता ए१२९ मांगुस्ताचं, तुर्कीनं २००७ मध्ये करार करून ते घेतलं आणि स्वतःच्या गरजेप्रमाणे बदललं. त्यांना डोंगराळ भागात, उन्हात, उंचीवर चालणारं मशीन पाहिजे होतं म्हणून जुनं जेम इंजिन काढून सीटीएस८०० बसवलं, प्रत्येकी साधारण १,३६० हॉर्सपॉवरची दोन. पाच टनांच्या हेलिकॉप्टरला ही ताकद मस्त आहे, इंजिन म्हणून सीटीएस८०० ला मी नावं ठेवणार नाही. पण ते बनवते एलएचटेक, म्हणजे हनीवेल आणि रोल्स-रॉईसची भागीदारी, आणि तुर्कीला ते तिसऱ्या देशाला विकायचं तर अमेरिकन सरकारचं एक्सपोर्ट लायसन्स पाहिजे. पाकिस्तानच्या ऑर्डरला ते मिळालंच नाही. मुदत वाढवत वाढवत २०२२ उजाडलं आणि जानेवारीत त्यांच्या लष्कराच्या प्रवक्त्यानं झेड-१० चं जाहीर केलं.

आता ह्याच्यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट अशी की हेच हेलिकॉप्टर, हेच इंजिन, फिलिपिन्सला मिळालं. २०२१ मध्ये लायसन्स आलं आणि २०२२ च्या मार्चमध्ये पहिली दोन मशीन तिथं उतरली पण. म्हणजे कारखान्यात इंजिनं बनत नव्हती अशातला भाग नाही. त्यामुळं ‘टी-१२९ ला इंजिनाचा प्रॉब्लेम आहे’ हे वाक्यच अर्धवट आहे, कोणाला प्रॉब्लेम आहे ते विचारलं पाहिजे. एका देशासाठी जी निवड एकदम सुरक्षित, तीच दुसऱ्यासाठी सही करायच्या दिवशीच अडकलेली असते. दुसऱ्या देशाचा अनुभव वाचून, त्यांचं छान चाललंय म्हणून तेच घ्यायचं, हे इंजिनाच्या बाबतीत चालत नाही.

आणि हे काही पाकिस्तानचंच झालं असं नाही. आपलं उदाहरण तर ह्याच इंजिनाचं आहे. आपल्या एएलएच ह्या हलक्या हेलिकॉप्टरसाठी, म्हणजे पुढं ज्याचं नाव ध्रुव झालं, हेच एलएचटेकचं इंजिन ठरलं होतं. १९९८ मध्ये पोखरण झालं, अमेरिकेचे निर्बंध आले आणि इंजिन गेलं. मग सुरुवातीच्या ध्रुवला फ्रान्सच्या टर्बोमेकाचं टीएम३३३ घेऊन उडावं लागलं, जे उंचीवर कमी पडायचं, आणि एचएएलनं टर्बोमेकाबरोबर मिळून जास्त ताकदीचं इंजिन करायला घेतलं, ते शक्ती. शक्ती लावलेलं ध्रुव पहिल्यांदा उडालं २००७ मध्ये. १९९८ ते २००७ मोजा, आणि ह्यात फ्रान्सचं पूर्ण सहकार्य होतं, पैसा होता, हेलिकॉप्टर आपलंच होतं, डिझायनर आपल्याच घरात होते. तरी नऊ वर्षं.

रशियाचं तर ह्याहून मोठं आहे. मी-२४, मी-१७, मी-२८, केए-५२, ह्या सगळ्यांना टीव्ही३-११७ किंवा त्याचंच पुढचं रूप व्हीके-२५००. डिझाईन क्लिमोवचं, सेंट पीटर्सबर्गचं, पण सोव्हिएत काळापासून उत्पादन मुख्यतः युक्रेनमध्ये झापोरिझ्झियाच्या मोटर सिचमध्ये. २०१४ ला क्रिमियानंतर युक्रेननं लष्करी माल द्यायचं बंद केलं आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या हेलिकॉप्टर ताफ्यांपैकी एकाचा इंजिनाचा कारखाना रातोरात परक्या देशात गेल्यासारखं झालं. त्यांनी क्लिमोवमध्ये स्वतःचं उत्पादन उभं केलं, जमवलं, पण ते रशिया होतं, सगळी ड्रॉइंग त्यांच्याकडे होती. विकत घेणाऱ्या लहान आर्मीकडे ड्रॉइंग नसतात.

तुर्कीनं ह्यातून काय धडा घेतला ते पण बघण्यासारखं आहे. मोठं अटॅक हेलिकॉप्टर टी-९२९ करताना त्यांनी अमेरिकन इंजिन नको म्हणून मोटर सिचचं २,५०० हॉर्सपॉवरचं इंजिन निवडलं. विचार अगदी बरोबर होता. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि झापोरिझ्झियावर मिसाईल पडायला लागली. थोडी इंजिनं आली, एप्रिल २०२३ मध्ये हेलिकॉप्टर उडालं सुद्धा, पण मोठ्या ताफ्याचा भरवसा त्याच्यावर कोण ठेवणार. म्हणून मी म्हणतो की परवानगी एक आणि कारखाना कुठल्या जमिनीवर उभा आहे ते दुसरं, दोन्ही बघायचं.

आता दुसरं इंजिन नंतर का नाही बसवायचं, ह्यावर जरा थांबतो कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. हॉर्सपॉवर सारखी आहे ना, मग बदला, असं लोकांना वाटतं. हेलिकॉप्टरचं इंजिन रोटर थेट फिरवत नाही, ते मेन गिअरबॉक्स फिरवतं आणि गिअरबॉक्स रोटर. प्रत्येक इंजिनाच्या शाफ्टचा स्पीड वेगळा. अपाचे, ब्लॅक हॉकच्या टी७०० चा आउटपुट २०,९०० आरपीएम, रशियन टीव्ही३-११७ चा १५,०००. टी७०० मध्ये शाफ्ट पुढच्या बाजूनं बाहेर येतो, टीव्ही३ मध्ये मागच्या बाजूनं, म्हणून त्याचा एक्झॉस्ट बाजूला वळवलेला असतो. म्हणजे इंजिन बदललं की गिअरबॉक्सचा इनपुट बदलला, माउंट बदलले, इनटेक आणि एक्झॉस्टची रचना बदलली, वजन पुढं-मागं गेलं म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी सरकलं, फायर डिटेक्शन, ब्लीड एअर, वायरिंग सगळं नव्यानं. आणि ह्या सगळ्यापेक्षा किचकट म्हणजे फॅडेक, इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर. पायलटनं एकदम कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर उचलायची दांडी) ओढलं की रोटरचा स्पीड पडायच्या आत इंजिनानं ताकद वाढवायला पाहिजे, पण इतकीही चटकन नाही की शाफ्ट आणि रोटरमध्ये टॉर्कचं हेलकावणं सुरू होईल. ते जुळवायला फ्लाईट टेस्टमध्ये वर्षं जातात. एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्यानं अडीच मिनिटं किती जास्त ताकद द्यायची, ३० सेकंद किती द्यायची, ते सगळं परत सिद्ध करावं लागतं. तुर्कीचं स्वतःचं टीएस१४०० इंजिन बघा, प्रोजेक्टचा करार २०१७ चा, गोकबे हेलिकॉप्टरवर ते उडालं एप्रिल २०२३ मध्ये. ज्यांचं हेलिकॉप्टर आणि ज्यांचं इंजिन दोन्ही एकाच देशात, त्यांना इतका वेळ लागला. पाकिस्ताननं त्याची वाट बघत बसायचं म्हणजे तोपर्यंत त्यांच्याकडच्या जुन्या अमेरिकन कोब्रा अटॅक हेलिकॉप्टरांवरच लढायचं.

फॅडेकचा विषय निघालाच आहे तर झेड-१० बद्दलची एक गोष्ट सांगतो, कारण चिनी म्हणजे निर्बंधांपासून मोकळं असं सरळ समीकरण मांडलं जातं. झेड-१० चं मूळ प्राथमिक डिझाईन रशियाच्या कामोवनं १९९५ मध्ये करून दिलं होतं, हे कामोवच्या लोकांनीच २०१३ मध्ये जाहीर केलं. आणि सुरुवातीची मशीन उडाली कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीच्या पीटी६सी इंजिनांवर. त्या इंजिनाचं कंट्रोल सॉफ्टवेअर बेकायदा एक्सपोर्ट केल्याबद्दल २०१२ मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि मूळ कंपनी युनायटेड टेक्नॉलॉजीजसकट ७.५ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम भरली. केस सॉफ्टवेअरवर उभी राहिली हे लक्षात घ्या. मग चीनला स्वतःचं डब्ल्यूझेड-९ लावावं लागलं, त्याची ताकद सुमारे १,००० किलोवॅटच्या घरात, आणि हेलिकॉप्टरचं वजन कमी करावं लागलं. २०१५ च्या सुमाराला तीन झेड-१० पाकिस्तानात चाचणीला आली होती, ती घेतली गेली नाहीत. नंतर जे झेड-१०एमई म्हणून एक्सपोर्टला आणलं, २०१८ मध्ये चीनमधल्या झुहाईच्या एअर शोला दाखवलं, त्यात एक्झॉस्ट वर वळवलेला, इनटेकवर धुळीचे फिल्टर, जास्त ताकदीचं इंजिन.

ताकद कमी म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण इंजिन मिळत नाही म्हणून कमी ताकदीचं पत्करायचं ही तडजोड कागदावर लहान दिसते. समुद्रसपाटीला १५ डिग्रीला जी हवा असते ती ४५ डिग्रीला जवळजवळ १० टक्के विरळ होते. ३,००० मीटरवर घनता समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश, ४,५०० मीटरवर ६३ टक्क्यांच्या आसपास. इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात पडते आणि त्याच वेळी रोटरला तरंगत राहायला जास्त ताकद लागते, दोन्ही बाजूंनी मार. मग काय कमी करणार? मिसाईल कमी करा, नाहीतर इंधन, नाहीतर आर्मर. आठ मिसाईलचं हेलिकॉप्टर डोंगरात चार घेऊन जातं आणि अर्ध्या तासात परत फिरतं. ब्रोशरवरचा आकडा बघून उपयोग नाही, तुमच्या सगळ्यात उंच पोस्टवर, उन्हाळ्याच्या दुपारी, पूर्ण शस्त्रं आणि परतीच्या इंधनासकट जमिनीच्या परिणामाबाहेर, म्हणजे रोटरच्या हवेला जमिनीचा आधार मिळत नाही इतक्या उंचीवर, हॉवर होतं का (एका जागी तरंगता येतं का), एवढी एकच ट्रायल करा. आणि ती नव्या इंजिनावर करू नका, ओव्हरहॉलच्या जवळ आलेल्या, धूळ खाल्लेल्या इंजिनावर करा, कारण वाळूनं कॉम्प्रेसरची पाती झिजतात, टर्बाईनचं तापमान लिमिटला लवकर टेकतं आणि पायलटला पूर्ण ताकद घेताच येत नाही. आपल्या एचएएलच्या प्रचंड ह्या अटॅक हेलिकॉप्टरनं २०१५ च्या चाचण्यांत सियाचेन भागात १५,८०० फुटांच्या आसपास उतरून दाखवलं, ते शक्तीमुळं. ती नऊ वर्षं तिथं वसूल झाली असं मी मनापासून मानतो.

आता स्पेअर इंजिनांचं गणित. ह्यावर निवड समितीत कोणी बोलतच नाही आणि ताफा बसतो तो इथं. समजा २४ हेलिकॉप्टर घेतली, म्हणजे ४८ इंजिनं बसवलेली. समजा प्रत्येक हेलिकॉप्टर महिन्याला १५ तास उडतं, म्हणजे वर्षाला इंजिनाचे ८,६४० तास. ओव्हरहॉल १,५०० तासांना धरलं तर वर्षाला सहाएक इंजिनं ठरल्याप्रमाणे निघणार. तेवढीच न ठरवता निघतात असं धरा, दगड-पक्षी आत जाणं, तेलात धातूचे कण सापडणं, ताकद पडणं. झाली बारा. परदेशात पाठवून परत यायला वर्ष लागत असेल तर कुठल्याही दिवशी बारा इंजिनं तुमच्या देशात नाहीतच. म्हणजे बारा स्पेअर नसतील तर सहा हेलिकॉप्टर इंजिनाविना उभी. युद्धात हेच महिन्याला ४० तासांवर गेलं तर नुसती ठरलेली काढणीच वर्षाला पंधरावर जाते. आणि परवानगी अडवली तर परदेशात गेलेली बारा परत पण येत नाहीत, ते वेगळंच. १९९८ नंतर आपल्या नौदलाच्या सी किंगचं असंच झालं होतं, हेलिकॉप्टर ब्रिटनचं पण पार्ट अमेरिकन. पाकिस्तानला एएच-१झेड ही अमेरिकन अटॅक हेलिकॉप्टरं द्यायच्या अमेरिकेच्या २०१५ च्या मंजुरीत १५ हेलिकॉप्टरांसाठी ३२ इंजिनं होती, ३० बसवलेली आणि २ स्पेअर. शांततेत, सप्लाय सुरळीत असताना, सुरुवातीला हे चालतं. ज्या देशाचे पुरवठादाराशी संबंध वर-खाली होतात त्याला दोन स्पेअर म्हणजे काहीच नाही. तसंही ती हेलिकॉप्टरं त्यांना मिळालीच नाहीत.

त्यामुळं करारात मी काय मागेन? लायसन्स पूर्ण ताफ्याचं, स्पेअर इंजिनांसकट आणि पार्टसकट, पहिला हप्ता द्यायच्या आधी. हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनातल्या ज्वलन आणि टर्बाईनच्या गरम भागाची, कामं देशात करायची सोय, मॉड्युल बदलायची हत्यारं. टी७०० सारखं इंजिन चार मॉड्युलमध्ये सुटतं, त्यामुळं सगळं इंजिन परदेशी पाठवायची गरज पडत नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे. टेस्ट बेड, म्हणजे इंजिन हेलिकॉप्टरबाहेर चालवून तपासायची जागा, तर पाहिजेच. टेस्ट बेड नसेल तर तुम्ही कितीही चांगलं इंजिन जुळवलं तरी ते सर्टिफाय करून हेलिकॉप्टरवर चढवता येत नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आणि इंजिनातल्या फिरणाऱ्या ज्या डिस्क ठराविक सायकलनंतर (इंजिन सुरू-बंद व्हायच्या फेऱ्यांनंतर) फेकाव्याच लागतात त्यांचा पाच वर्षांचा साठा. त्या झिजलेल्या दिसत नाहीत पण वापरता येत नाहीत, तिथं जुगाड करणं म्हणजे दोन माणसांच्या जिवाशी खेळ.

लहान आर्मीसाठी सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे जे इंजिन आपल्या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरमध्ये आधीपासून आहे तेच अटॅकमध्ये घ्यायचं. दक्षिण आफ्रिकेनं निर्बंधांच्या काळात रुईवाल्क करताना हेच केलं, त्यांच्या पुमा-ओरिक्सच्या ताफ्यात माकिला इंजिनाची फॅमिली होतीच, तीच लावली. बनली १२ च, ताफा फार लहान राहिला, पण इंजिनाची निवड शहाणपणाची होती. चेक प्रजासत्ताकानं २०१९ मध्ये मी-२४ काढून ४ एएच-१झेड आणि वाहतुकीची ८ यूएच-१वाय घेतली, दोन्हीला टी७००. चारच अटॅक हेलिकॉप्टर असली तरी इंजिनांचा साठा बारा मशीनचा. आपल्याकडे ध्रुव, रुद्र (ध्रुवचंच शस्त्रं लावलेलं रूप), प्रचंड तिघांना शक्ती, म्हणून मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडची ऑर्डर झाली, आर्मीला ९० आणि हवाई दलाला ६६, तेव्हा मला अपाचेपेक्षा त्याचं समाधान जास्त वाटलं. पण शक्तीतही फ्रेंच भाग आहे, त्यामुळं निश्चिंत बसू नये, आणि तेजस मार्क १ए चं काय झालं ते समोर आहे, २०२१ मध्ये एफ४०४ ची ९९ इंजिनं मागवली आणि पहिलं आलं मार्च २०२५ ला, विमानांचे सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट. तिथं निर्बंध पण नव्हते, नुसती सप्लाय चेन.

परत मूळ प्रश्नावर. २०२२ मध्ये टी-१२९ सोडलं ते बरोबर, माझ्या मते दोन वर्षं आधी सोडायला पाहिजे होतं. खरी चूक २०१८ ची. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेनं त्यांची सुरक्षा मदत थांबवली होती, एएच-१झेड अडकलेली होती, आणि १९९० च्या प्रेसलर निर्बंधांपासून (अणुकार्यक्रमावरून अमेरिकेनं घातलेले) कोब्राच्या स्पेअरचा त्रास त्यांनी भोगलेला होता. तरी जुलैमध्ये अमेरिकन सही लागणाऱ्या इंजिनाची ३० हेलिकॉप्टर मागवली. तेव्हा त्यांच्यासमोर दुसरा पर्याय पण होता, मी-३५एम, चार तर त्यांनी रशियाकडून घेतलीच होती. त्याचं व्हीके-२५०० त्यांच्या मोठ्या मी-१७ ताफ्याच्या इंजिनाच्याच घराण्यातलं, म्हणजे मेकॅनिकला ओळखीचं. पण मी-३५ जड आहे, उंचीवर शस्त्रांसकट हॉवर करणं त्याचं काम नाही, ते धावत येऊन मारा करणारं मशीन आहे, आणि रशियाकडून पुढं इंजिनं वेळेवर येतील का हा प्रश्न होताच. त्यामुळं झेड-१०एमई कडं वळणं समजू शकतं, ऑगस्ट २०२५ मध्ये मुलतानला ती सामील पण झाली.

आता त्यांच्या जागी मी असतो तर झेड-१० ची पहिली बॅच लहान ठेवली असती, एका स्क्वाड्रनपुरती, आणि दुसऱ्या बॅचची सही तीन गोष्टी झाल्यावरच केली असती. पहिली, डब्ल्यूझेड-९ चा हॉट सेक्शन देशात उघडून, जुळवून, टेस्ट बेडवर चालवून परत हेलिकॉप्टरवर चढवलेला. दुसरी, वाळवंटात एक पूर्ण उन्हाळा उडवल्यावर प्रत्येक इंजिनाची ताकद किती पडली त्याची नोंद आपल्या लोकांनी घेतलेली, कंपनीच्या लोकांनी नाही. तिसरी, हेलिकॉप्टरमागे निदान अर्धं स्पेअर इंजिन, स्वतःच्या गोदामात, पेटी उघडून तपासलेलं.